आढीशेजारची गाडी

वैशाखातल्या दुपारी आंब्याच्या खोलीचं दार उघडलं की वास आधी अंगावर येतो आणि अंधार डोळ्यांना सरावतो तो नंतर. आढीत, पेंढ्याच्या थरांमध्ये, हापूस पिकत पडलेला असतो, चिऱ्याच्या भिंतींनी दिवसभराचं ऊन मुरवून ठेवलेलं असतं, आणि त्या बंदिस्त उबेत तो गोड, किंचित मादक दरवळ इतका दाट होतो की घशाशी त्याची चव लागावी. यंदा त्या दरवळाच्या तळाशी मला आणखी एक वास आला. तो पेट्रोलचा होता. मी उंबऱ्यातच थबकले. आढीपासून हातभर अंतरावर आमची गाडी उभी होती आणि तिच्या चारी बाजूंना सुकं गवत पसरलेलं होतं.

गाडी म्हणजे इटलीत घडलेली, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, तांबडी जुनी स्पोर्ट्स कार. माझ्या यजमानांनी, म्हणजे अरविंदांनी, ती एका हौशी गृहस्थाकडून मुंबईहून आणली. (घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण कागदावर सारखं ‘हे’ लिहिलं तर वाचणाऱ्याची पंचाईत व्हायची.) जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून जन्म काढल्यावर ते रत्नागिरीला बागेत राहायला आले. लोक निवृत्तीनंतर पोथी उघडतात, यांनी गाडीचं झाकण उघडलं. रुंद दार आणि सपाट जमीन आंब्याच्या खोलीलाच होती, म्हणून गाडीचा मुक्काम तिथे पडला, आणि दर हंगामात आंबे आणि ती एकाच छपराखाली शेजारी म्हणून नांदू लागले.

तिच्या खोड्यांचं त्यांना कोण कौतुक! समोरचे दिवे झाकणाखालून वर यायचे, तर उजवा चटकन यायचा आणि डावा झोपमोड झाल्यासारखा मागाहून. त्यावर, खाऱ्या हवेनं तारेचं टोक गंजलं की असं होतं, घासून पुसून घट्ट बसवलं की महिनाभर बरी राहते, असं ते मला समजावून सांगत. दिवे लावले की तापमानाचा काटा विनाकारण चढे, त्यामागेही तेच गंजलेलं टोक. सकाळी इंजिन गार असताना दुसरा गियर पडायलाच राजी नसे, तेव्हा तिच्याशी हुज्जत न घालता पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचं, तेल तापलं की आपसूक शहाणी होते. माझ्या बाजूची काच इतकी सावकाश खाली उतरायची की वाऱ्याची गरज तोवर संपलेली असायची. मी चिडवायचे, की माझी एवढी दुखणी तुम्ही कधी काढली नाहीत. ते हसायचे आणि पुन्हा झाकणाखाली डोकं घालायचे.

आणि त्यांचं सगळं निदान नाकानं व्हायचं. इंजिनरूममध्ये काटे खोटं बोलतात, वास बोलत नाही, असं ते नेहमी म्हणत. तापलेलं तेल, वितळू लागलेलं तारेचं आवरण, घासला जाणारा पट्टा, यांतला प्रत्येक वास ते जिन्यावरूनच ओळखायचे म्हणे. ते खरं असणार, कारण आढीशी ओणवून एक दीर्घ श्वास घेतला की खालचा थर आज काढायचा की परवा, हे ते सांगत आणि आंबा हातात घेतल्यावर ते तसंच निघे. बागेतली माणसं पेटी भरण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

म्हणूनच त्या दुपारी मी त्यांना हाक मारून आणलं. ते आले, खाली वाकले, गाडीच्या मागच्या भागाशी तोंड नेऊन बराच वेळ थांबले.

“मला नाही गो येत वास,” ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, “अगो, आंब्याच्या वासानं डोकं धरलंय तुझं. जा, सरबत घे जरा.”

मी गेले नाही. मी गाडीखाली हात घातला, तर खालचा पेंढा ओला लागला. बोटं नाकाशी नेली, पेट्रोलच होतं.

देवरूखहून सुर्वे आला. आमची गाडी हाताळायला न भिणारा तेवढा एकच मेकॅनिक आम्हांला ठाऊक आहे. त्यानं पेट्रोलची रबरी नळी बाहेर काढून वाकवली, तिला जुन्या वहाणेच्या तळव्यासारख्या भेगा पडल्या होत्या. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल या जुन्या रबराला सोसत नाही, हे अरविंदांनीच मला पूर्वी सांगितलेलं. सुर्व्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे बॅटरी चार्ज करायचं यंत्र होतं.

“काकानू, ह्या आज लावलेलात?”

“सकाळीच लावलं होतं,” अरविंद म्हणाले.

“एक ठिणगी पडली असती तर काय ऱ्हायला नसता हो. तुमाला वास कसा नाय आला?”

अरविंद ती नळी हातात फिरवत राहिले.

नवी नळी बसली, ओला पेंढा बाहेर उन्हात टाकला, दोष सापडल्याच्या आनंदात अरविंद जेवताना दोन वाट्या आमरस प्यायले. आंब्याच्या वासात पेट्रोल लपलं असेल, हे मी मनाला पटवून पाहिलं. पण मला जे उंबऱ्यातून कळलं ते त्यांना तोंडाशी कळलं नव्हतं. त्यानंतर मी त्यांना आढीशी बघू लागले. ते अजूनही ओणवे होत, श्वास घेत, पण मग हळूच आंबा उचलून देठाशी अंगठ्यानं दाबून बघत. पूर्वी असं कधी करत नसत.

याच दिवसांत गाडीची एक नवी तक्रार निघाली. गियरचा दांडा थरथरतो, असं ते म्हणू लागले. गाडी सावकाश असली की जास्त, वेग घेतला की थांबतं. इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर बदललं, चाकं तोलून घेतली, दांड्याचे सांधे खोलून ग्रीस भरलं. शेवटी सुर्वे एकटाच गाडी घेऊन कातळावरच्या रस्त्यानं लांब फिरून आला आणि किल्ली अरविंदांच्या हातात न देता माझ्या हातात देत म्हणाला, “काकी, मी सगला बगितला. गाडीत काय एक गावला नाय.” तो आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले. पण त्यानं मोटारसायकलला किक मारली.

दर हंगामातली एक पेटी आम्ही हेदवीच्या दशभुज गणपतीसमोर ठेवतो, आणि ती नेण्याचा मान या गाडीचा. यंदा टॅक्सी करू, असं मी दोनदा सुचवलं. ते ऐकेनात. जयगडच्या धक्क्यावर आम्ही फेरीबोटीची वाट बघत रांगेत उभे राहिलो तेव्हा उन्हं कलली होती, खाडीचं पाणी गढूळ, शिशाच्या रंगाचं झालं होतं आणि पलीकडच्या तीरावरची झाडं हवेतल्या बाष्पात विरून गेली होती. वारा पडला होता. बोट अजून खाडीच्या मध्यावर होती. अरविंदांनी इंजिन बंद केलं. एवढ्या मोठ्या आवाजानंतरची ती शांतता मला सोसवेना.

ते पाण्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात गियरच्या गोळ्यावर विसावला होता, आणि तो थरथरत होता. अंगठा तर्जनीवर बारीक, एका लयीत फिरत होता, चिमटीत काहीतरी मळत असल्यासारखा. मी दांड्याला खालून बोट लावलं. दांडा शांत होता. मग मी माझा तळवा त्यांच्या हातावर ठेवला, आणि ती थरथर माझ्या मनगटापर्यंत आली. मला भयंकर भीती वाटली. या गाडीचं प्रत्येक दुखणं त्यांनी मला कारणासकट समजावून सांगितलं होतं. याचं कारण ते मला सांगतील का, की त्यांनाही ते ठाऊक आहे आणि म्हणूनच दांडा पुन्हा पुन्हा खोलला जातो आहे, हे मला विचारता येईना.

“अजून कापतोय बघ,” ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. “परत आल्यावर पुन्हा खोलायला हवा.”

“खोलू,” मी म्हटलं.

बोट धक्क्याला लागली. तिची लोखंडी फळी करकरत खाली आली आणि खलाशी आम्हांला पुढे या म्हणून हात करू लागला. त्यांनी किल्ली फिरवली. दिवे लावले, उजवा वर आला, डाव्याची आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. पेटी माझ्या पाठीमागे, सीटच्या फटीत उभी केली होती. काच या खेपेला अर्ध्यावरच अडकली होती, आणि घर सोडल्यापासून तापत आलेल्या त्या एवढ्याशा जागेत पिकल्या हापूसचा वास इतका कोंडला होता की माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं.

पहिला गियर टाकता टाकता ते एकदम थांबले आणि काळजीनं माझ्याकडे वळले.

“अगो, आंबे घेतलेस ना गाडीत? विसरलो तर नाही ना आपण?”