बिनपंख्याचं मशीन

सांगलीत त्रिशला चौगुलेच्या दुकानात काचेखाली एक धुळकट पंखा ठेवलाय. कॉम्प्युटरच्या पोटात असतो तसला, तळहाताएवढा. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? ती म्हणते, माझी पदवी.

असे पंखे तिनं धन्यकुमार आण्णांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला असताना नऊ वर्षं पुसले. आण्णांनी विकलेली मशीनं कवठे महांकाळकडच्या दूध संकलन केंद्रांतून परत यायची, पंख्यात पेंडीचा भुसा गच्च बसलेला. पंखा अडकला की मशीन तापायचं आणि ऐन दूध घालायच्या वेळी बंद पडायचं. एकदा तिनं आण्णांना म्हटलं, मला विक्रीला बसवा, गिऱ्हाइकाला काय लागतं ते मला कळतं. भरल्या दुकानात आण्णा हसले.

"तू पंखं पुसत बस. मशीन इकायला अक्कल लागती."

ते हसणं ती विसरली नाही. विसरायचं नव्हतंच तिला. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला जैन माणसं घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात आणि देतात. त्या दिवशी ती सगळ्या गल्लीला हात जोडायची, आण्णांचं दार तेवढं टाळायची. सासू म्हणायची, पाप लागेल. लागू दे, ही म्हणायची.

नोकरी सोडून तिनं दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मिळेल तिथून चिपच्या बातम्या वाचायला लागली. नव्या कारखान्यांत चिपवरच्या रेघा इतक्या बारीक कोरल्या जात होत्या, की तेच काम थोडक्या विजेत व्हायचं आणि चिप फारशी तापायचीच नाही. लोकांना त्यात वेग दिसला. त्रिशलाला एवढंच दिसलं, की आता पंखा लागणार नाही. तसली मशीनं करणारी एक नवखी कंपनी हुडकून तिनं जिल्ह्याची एजन्सी घेतली. आण्णा आपल्या मोठ्या नावाच्या कंपनीला धरून बसले आणि त्या नवख्या कंपनीला कुत्रं विचारत नाही, असं गावभर सांगत सुटले.

दूध संघाला सगळ्या केंद्रांची मशीनं बदलायची होती. तिनं चेअरमन भाऊसोंना गळ घातली, की दोघांची मशीनं एकाच केंद्रात, पेंडीच्या पोत्यांशेजारी महिनाभर चालवून बघा. आण्णा हसत तयार झाले. मे महिना होता. अकराव्या दिवशी आण्णांचं मशीन गपगार पडलं, तिचं चालत राहिलं. तिनं पेढे वाटले, एक पुडा मुद्दाम आण्णांकडे धाडला.

संघानं तिची मशीनं घेतली, पाठोपाठ पतसंस्था तिच्याकडे आल्या, शाळा आल्या. आण्णांच्या कंपनीची बिनपंख्याची मशीनं यायला अजून वर्ष होतं. मग क्षमावणीच्या सकाळी ते स्वतः तिच्या दारात आले. आजच्या दिवशी ही नाही म्हणूच शकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाले, आणि हात खाली यायच्या आत तिची मशीनं आपल्या दुकानातून विकायची परवानगी मागितली.

त्रिशलानंही हात जोडले, त्यांना पाणी दिलं. तांब्या रिकामा होईपर्यंत ती थांबली.

"माफ केलं, आण्णा. पर मशीन इकायला अक्कल लागती. पंखं पुसायला ठेवलं असतं तुमाला, तर ह्या मशीनला पंखाच न्हाई."