कमलादीदींचा लोखंडी गज

शेल उघडताना सगळ्यात आधी जी फाइल वाचली जाते, तिच्या शेवटच्या ओळीत मी स्वतःच्या हाताने 'एक्झिट' लिहिलं. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आपण मशीनला हुकूम टाइप करतो. माझी मी मन लावून नटवली होती. भगवी अक्षरं, हिरवा कर्सर आणि उघडताच सलामी: 'या, राजे!' शेवटी 'एक्झिट' कशाला? तर फाइल संपल्याचं मशीनला कळावं म्हणून. झालं असं की खिडकी उघडायची, 'या, राजे!' म्हणायची आणि लगेच बंद व्हायची.

कमलादीदींनी ते पाहिलं आणि गज माझ्या बोटांवर हाणला. त्यांच्या नवऱ्याच्या कापडदुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज. नवरा गेला, दुकान दिराने गिळलं, गज तेवढा उल्हासनगरच्या आमच्या ऑफिसात आला. जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरची एक खोली, तिथे आम्ही दोघं. त्या गजाने दीदींनी कधी काही मोजलं नाही. टेबलाची काच फोडली, कीबोर्ड फोडले, एकदा पंख्याचं पातं वाकवलं. "सजावट को मार डाल, काम को बचा!" हे त्यांचं कायमचं. "चरिया, जेवून आलास की ते नीट कर." सिंधीत चरिया म्हणजे येडा.

जेवण झालंच नाही. दीर आला, बरोबर एक दांडगा माणूस. कारखान्यांसाठी दीदींनी उभं केलेलं सॉफ्टवेअर त्याला उचलायचं होतं, आणि ते होतं फक्त माझ्या त्या खिडकीपलीकडच्या मशीनवर.

"मशीन किधर है?"

"इथे नाही, नेटवरून या खिडकीतूनच उघडतं," मी म्हणालो. "व्हर्च्युअल आहे."

"ये व्हर्च्युअल कौन है?" दांडगा म्हणाला. "बाहर बुला उसको!"

दिराला समजत होतं. त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं. "पासवर्ड." मी दिला. स्पेलिंगसकट. त्याने टाइप केला. 'या, राजे!' खिडकी बंद. पुन्हा केला. 'या, राजे!' बंद.

"राजे किसको बोलता है बे?" ठोसा बसला आणि माझा पुढचा दात कीबोर्डवर पडला.

तेवढ्यात गज आला. दिराचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. दांडग्याने स्टूल दीदींच्या खांद्यावर घातलं. त्या कोसळल्या आणि पडल्या पडल्या त्याच्या नडगीवर गज हाणला. खालून शिंपी कात्र्या घेऊन वर धावले, तेव्हा दोघं जिन्यावर रक्त सांडत पळाले.

दीदींचा तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. मुलीकडे इंदूरला कायमच्या निघाल्या तेव्हा गज माझ्या हातात ठेवला. मला राहवेना. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा सोडत म्हणालो, "दीदी, आता तरी कबूल करा. माझ्या 'एक्झिट'नेच काम वाचलं."

"वाचलं ना," त्या म्हणाल्या. "तुझ्यापासून वाचलं, चरिया! पासवर्ड तर तू देऊन बसला होतास."