आत्याबाईंची सातूची बियर

माझी सासू घरी बियर करायची.

चोरून नाही. भिंगारला, आमच्या अंगणात, दिवसाढवळ्या.

आज पहाटे आत्याबाई गेल्या. पुतण्याने ग्रुपवर टाकलं, "अत्यंत धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या." देवळात त्या वर्षातून एकदा जायच्या. आणि मनमिळाऊ? त्यांच्याशी एकदा बोलून बघायचं होतं.

म्हणून मी लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका. ज्यांना लाज वाटते त्यांनी पुढे वाचू नका.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं साल. मी नवी सून. आमच्या गल्लीच्या टोकाला हातभट्टीचा गुत्ता होता. माझे धाकटे चुलतसासरे तिथे प्यायले, सकाळी उठले तर डोळ्यांना दिसेना. संध्याकाळी गेलेच.

तेराव्याचं जेवण झालं आणि आत्याबाईंनी मामंजींना सगळ्यांसमोर सांगितलं,

"प्यायचं सुटत न्हाई ना तुमचं? मग माझ्या हातचं प्यायचं. माझ्या अंगणात. आठवड्यातून एकदा."

आत्याबाईंचे वडील कॅम्पात साहेबाच्या मेसमध्ये खानसामा होते. त्यांच्याकडून शिकलेल्या. मटकीला मोड आणतो तसे सातूला मोड आणायचे. उन्हात वाळवायचे, तव्यावर भाजायचे, जात्यावर भरडायचे. गरम पाण्यात झाकून ठेवायचं, गाळायचं, मग कडूपणाला काडेचिराईत टाकून उकळायचं. गार झालं की बेकरीचं खमीर. उन्हाळ्यात वर आलं ठेचून.

आता पुण्यात पोरं क्राफ्ट बियर म्हणून फोटो टाकतात. टाका बापड्यांनो.

एकदा बाटल्यांत भरून बुचं सुतळीने आवळून ठेवली तर एकामागून एक फुटल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आज मिल्ट्रीची चांदमारी लवकर सुरू झाली काय गं?"

तेव्हापासून घागरच.

रविवारी संध्याकाळी बसायचे कोण? मामंजी, आमचे हे, पेन्शनीतले हवालदार आणि खमीर देणारे बेकरीवाले चाचा. पहिला घोट घेतला की आधी खोट सांगायची. कौतुक नंतर.

"वैनी, आज जरा आंबूस वाटती," हवालदार म्हणायचे.

"वाटती न्हाई, हाय. घागर नीट धुतली न्हवती. चाचा, तुमी बोला."

"भाभी, खमीर माझंच हाय. खोट कशी काढू?"

"मग पेला ठेवा खाली."

चाचा लगेच खोट काढायचे.

पण खरा नियम दुसराच होता. आठवड्यात यांच्यातला एकजण जरी गुत्त्यावर गेला, तरी सगळ्यांची घागर मातीत. दर रविवारी झाकणावर हात ठेवून विचारायच्या, "कोण गेलं हुतं?" आणि मगच पेले भरायच्या.

एका रविवारी हवालदारांचे एक दोस्त कोपरगावहून एस.टी.ने आले. त्यांनीच पाठवलेली काकवी घालून ती घागर लावली होती. झाकण जरा सरकवलं तर वास गल्लीत गेला. तशी बियर परत कधी झाली नाही असं मी तरी म्हणते.

आणि त्याच दुपारी हे घरात आले तेव्हा यांच्या तोंडाला गुत्त्याचा वास होता. हातभट्टीत घालतात त्या नवसागराचा वास लपत नसतो.

"कोण गेलं हुतं?"

मामंजी, "न्हाई." हवालदार, "न्हाई." चाचा, "तोबा, न्हाई."

हे म्हणाले, "न्हाई."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुमे?"

मामंजी डोळे वटारून बघत होते. पाहुणा बसलेला. नवऱ्याविरुद्ध बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पण चुलतसासऱ्यांना अंगणात ठेवलेलं मी पाहिलं होतं.

"हे गेल्ते," मी म्हणाले. "दुपारी."

त्यांनी घागर उचलली आणि कलती केली.

"अगं ए, पाव्हणा आलाय!" मामंजी उठलेच.

"पाव्हण्याला चहा करती."

फेस अंगणभर झाला. पाहुणा बिचारा म्हणाला, "वैनी, वास तर लई भारी येतोय."

"मग वासच घ्या आज."

त्या आत आल्या तर मी रडत होते. त्यांनी जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "भाकरी करपली, तिकडं बघ. आन् उद्यापासनं सातू तू भिजवायचे."

हे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू म्हटलं.

पण त्या रविवारपासून हवालदार रोज संध्याकाळी यांच्या कामाच्या फाटकावर उभे. "चल रे बाळ्या, माझी घागर हाय त्या घरात." घरापर्यंत सोडून जायचे. हे चिडायचे, शिव्या द्यायचे. मध्ये एकदा चकवून गेले, परत घागर ओतली. त्यानंतर गुत्त्याकडच्या दुसऱ्या वाटेवर चाचाही उभे राहायला लागले.

मग सुटलं. सहज नाही सुटलं. पण सुटलं.

लोक आत्याबाईंना "दारू गाळणारी" म्हणायचे. हळदीकुंकवाला बोलवायचे नाहीत. त्या म्हणायच्या, "बरं झालं, माझी संध्याकाळ वाचली."

त्या गुत्त्याने आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं नेली. यांच्याच वयाची, यांच्याबरोबर गोट्या खेळलेली. त्यांच्या आया मागे राहिल्या. मी बघितल्यात त्या बाया, दारात बसलेल्या.

आज अमरधाममध्ये आत्याबाईंना त्यांच्या पोराने अग्नी दिला. सत्तरी उलटलीय पोराची.

आईच्या आधी गेला नाही.

जा आत्याबाई, निवांत जा. तुमच्या सुमीचा नमस्कार.