मामीचा रोशन कारध्याकडून खेळतो

माझ्या मोठ्या मामीइतकं मनापासून रागावणारं माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. लाखनीला हायवेवर तिचं किराणा दुकान आहे. समोरच्या ट्रकने हॉर्न जास्त वाजवला की ती काटा तसाच सोडून रस्त्यापर्यंत जाते, आणि ट्रक साकोलीच्या पार गेला तरी तिचं बोलणं संपलेलं नसतं. पाऊस आला की पावसावर रागावते, थांबला की थांबल्याबद्दल. एखाद्या गिऱ्हाइकाने तूरडाळ फार वेळ तळहातावर घेऊन पाहिली, तर विचारते, "घ्याची आहे का लग्न जुळवाचं आहे तिच्यासंग?" तरीही लोक तिच्याकडेच येतात, कारण तिचं वजन कधी कमी भरत नाही.

पण तिच्या रागाला खरा बहर येतो कबड्डीच्या मैदानावर. लग्नाआधी ती स्वतः खेळायची. लाखनीच्या मंडळाचा सामना असला की शटर ओढून, घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन ती पंचांच्या अगदी मागे बसते. एकदा एका पंचाने खुर्ची मागे घ्यायला सांगितलं, तर तिने ती वीतभर पुढे घेतली. मंडळाचा चढाईपटू रोशन हा तिचा जीव की प्राण. लांब हातांचा, किडकिडीत, अबोल पोरगा. सामना संपला की तो दुकानात येऊन गूळ-शेंगदाणे खायचा आणि मामी त्याची एकेक चूक काढायची. "डावीकडं काहून गेला? तो जाडा तुले धराले तिथंच बसला होता." रोशन खात खात मान डोलवायचा. तिच्या स्वतःच्या मुलांनी तिचं इतकं कधी ऐकून घेतलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मंडळाने रोशन भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या मंडळाला दिला आणि बदल्यात त्यांचे पकडीचे दोन गडी घेतले. मामीला हे साखर घ्यायला आलेल्या बाईकडून कळलं. साखर अर्धवट तशीच ठेवून ती थेट मंडळाच्या सचिवांच्या दारात गेली. मी तेव्हा दुकानात होतो, म्हणून मागोमाग धावलो.

"तो का बैल होय का, जोडी पाहून बदलवाले?"

"काकू, आपल्याकडं पकडीले कोनीच नव्हतं," सचिव हळूच म्हणाले. "दर सामना हारून राहिलो होतो."

"हारलो असतो. आपल्या पोट्ट्याले घेऊन हारलो असतो."

पुढे दोन महिने मामीने सचिवांच्या घरी मीठसुद्धा विकलं नाही. नव्या गड्यांपैकी एक साबण घ्यायला आला, तर पाठीमागे साबणाची थप्पी असताना तिने "संपला" म्हणून सांगितलं. रोशनवरही राग होताच. "सांगाले तरी याचं होतं. तोंड आहे ना त्याले."

मग कारध्याला दोन्ही मंडळांचा सामना ठरला. मी मोटारीने तिला घेऊन गेलो. वाटेत ती म्हणाली, "मी त्याले पाहाले नाही, त्याले हारताना पाहाले चालली."

गुण बरोबरीत, शेवटची चढाई रोशनची. तो परत वळला आणि आमच्याच एका नव्या गड्याने त्याचा घोटा धरला. लाखनीची माणसं नाचायला लागली. मामी उठली ती पंचाकडे गेली.

"त्याचा हात मधल्या रेषेच्या पार गेला होता. मी पाहिलं."

"बाई, तुमचा संघ जिंकला," पंच म्हणाले.

"जिंकला असंल. हात पार होता."

निकाल काही बदलला नाही. तेवढ्यात गुडघ्यांना माती लागलेला रोशन पाया पडायला आला.

"दूर राह्य," मामी म्हणाली. "त्याईनं तुले देलं, अन् तू मुकाट्यानं गेला."

"काकू, त्याईनं नाही देलं. मीच म्हटलं होतं." तो खाली बघत बोलत होता. "बायकोची नोकरी भंडाऱ्याले लागली. पोरगी लहान आहे. सरावासाठी भंडाऱ्यावरून लाखनीले येजा करनं जमेना. सचिवसाहेबाले मीच म्हटलं, काकूले सांगू नका."

"काहून?"

"भेव लागे तुमचं."

मामीने आमच्या संघासोबत आलेल्या सचिवांकडे पाहिलं. दोन महिने तिच्या शिव्या खाऊन हा माणूस खऱ्या कारणाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. ती रोशनला एवढंच म्हणाली, "जाय घरी. पोरगी वाट पाहत असंल."

परतताना ती खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्या बघत होती. मग तिने विचारलं, "मी इतकी खराब आहो का रे?"

"नाही मामी."

"खोटं बोलून राहिला," ती म्हणाली, पण आवाज चढला नाही. लाखनीपर्यंत ती गप्पच होती, आणि तिने रागावावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.