पाय पुढे करून चालवायची सायकल

मंडळी, आज वैताग आला. पाठदुखीमुळे मी मागे टेकून, पाय पुढे करून चालवायची सायकल घेतोय. दुकानदाराने केदारखेड्याला घरी दोन मॉडेल आणली. बुटकं गुळगुळीत रस्त्यावर उत्तम, पण आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्याला ते दिसणारच नाही. म्हणून उंच सीटचं निवडलं.

त्यावर बसून दारातून निघालो, तेवढ्यात आई ओरडली, "बाप तिरडीवर जाऊन महिना न्हाई झाला, अन् तू बी पाय पुढं करून घरातून निघाला?"

दुकानदार म्हणाला, "मावशी, ही बिलकुल खुर्चीवानी हाय."

"मंग खुर्चीच आणायची व्हती!"

शेवटी सायकल ढकलत वेशीबाहेर नेली आणि तिथे तिच्यावर बसून चालवली. पाठ अजिबात दुखली नाही.

आता रोज वेशीपर्यंत ढकलत न्यायची का? तुम्हीच सांगा. आईशी भांडायची ताकद सध्या माझ्यात नाही.