एका वेळी बारा

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी येरझाऱ्या थांबवा. तिला काय सांगू?

नवीन जालन्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून चहाचा कप हातात घेतला, तोच दोन मुली आल्या. एक धावड्याची, दुसरी कुंभार पिंपळगावची. दोघी एकाच खोलीत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायच्या. धावड्याच्या मुलीची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि तिच्याच ईमेलवरून कोणीतरी खात्याला कळवलं होतं की, मला ही नोकरी नको. आपण मेल पाठवला नाही हे तिनं आठवडाभरात पोलिसांच्या कागदानिशी दाखवलं नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

पुढचा उमेदवार कोण, मी विचारलं. फिर्यादी मुलीनं शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडं पाहिलं.

"हीच हाय, साहेब. पन ती तशी न्हाई."

इतकं सरळ उत्तर हातात पडलं की पोलिसाला उलट धास्ती वाटते. शिवाय हेतू म्हणजे पुरावा नव्हे. मैत्रीण तर तिचा हात धरून बसली होती.

सायबर शाखेनं सांगितलं की मेल दुपारी त्यांच्या अभ्यासिकेतल्या इंटरनेटवरून गेला. अभ्यासिकेत एकच जोडणी, ती सगळ्या कॉम्प्युटरना वाटून दिलेली. बाहेरून पाहिलं तर सगळे एकच दिसतात. आत कोण होतं ते मालकाच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, आणि तिथं त्या वेळेला फिर्यादीचंच नाव होतं. ती म्हणाली, मी वडिलांबरोबर बियाण्याच्या दुकानात गेल्ते. बापाच्या साक्षीला कोण विचारतो? वरिष्ठ म्हणाले, पोरीचं मन बदललं असेल, फाइल बंद करा. माझं मन तयार होईना.

मग एका विद्यार्थिनीनं आमच्या महिला शिपायाला हळूच खबर दिली. धावड्याची मुलगी बाहेर गेली तरी तिचं नेट चालूच असतं.

मी अभ्यासिकेत गेलो. मालकानं समजावलं की इंटरनेट वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना बारा जणांचा आहे. म्हणजे ठरावीक बारा नावांचा नाही, एका वेळी बारांचा. नावं कितीही नोंदवा, कॉम्प्युटर कितीही लावा. बारा जणी आत असल्या की तेरावीला 'फुल्ल' दिसणार. एक बाहेर पडली की दुसरी आत. म्हणून जेवायला जाताना कोणी बाहेर पडत नसे. चालू जागेवर मैत्रिणीला बसवायचं, एसटीत रुमाल टाकतात तसं. सॉफ्टवेअर डोकी मोजतं, चेहरे ओळखत नाही.

मैत्रिणीला पुन्हा बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "मला त्या दिवशी नेट भेटलंच न्हाई. दुपारभर फुल्ल दाखवून राह्यलं होतं. मी पुस्तक वाचत बसल्ते." उत्तरात कुठं फट नव्हती. मी सारखा व्हरांड्यात जात होतो आणि परत येत होतो.

पंचनाम्यासाठी दुसऱ्यांदा अभ्यासिकेत गेलो आणि लाइट गेली. पंखे इन्व्हर्टरवर चालू राहिले, पण कॉम्प्युटर बंद पडले. लाइट आली तशी मुलींची एकच झुंबड उडाली, कारण बाराही जागा रिकाम्या झाल्या होत्या. प्रत्येकीला आपलं नाव आणि पासवर्ड टाकून नव्यानं आत शिरावं लागत होतं. मालकाला विचारलं, त्या दिवशी लाइट गेली होती का? गेली होती, मेल जाण्याच्या जरा आधीच. आणि नंतर? बऱ्याच मुली कंटाळून खोलीवर निघून गेल्या. बारा जागा काही भरल्या नाहीत.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी मैत्रिणीला एवढंच विचारलं, "जागा रिकाम्या होत्या, तर तुला फुल्ल कसं दिसलं?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली.

"साहेब, कोणी उठल्याबिगर आपली पाळी येतच न्हाई. लई वाट पाह्यली. मंग मीच तिला उठवलं."

पण पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. लाइट आल्यावर फिर्यादीच्या नावानं आत शिरायला लागलेला पासवर्ड तिनंच मैत्रिणीला दिला होता, हे फिर्यादीनं जबाबात सांगायला हवं होतं. नेटला आणि मेलला तिनं एकच पासवर्ड ठेवला होता. तिनं विचारलं, मी बोलले तर तिच्यावर केस होईल का? मी म्हणालो, होईल. नाही बोललीस तर नोकरी जाईल. ती भिंतीकडं तोंड करून रडली, मग आली आणि सही केली. चोर अनोळखी असला तर फिर्यादी चिडतो. घरातलाच निघाला की फिर्यादीच मान खाली घालून बसतो. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात हे मला सापडलं नव्हतं.

तिला नोकरी मिळाली. पेन्शनच्या कामासाठी दरवर्षी मला तिच्याच कचेरीत जावं लागतं. ती उठून खुर्ची देते, माझं काम आधी करते आणि मी निघताना आवाज खाली आणून विचारते, "साहेब, ती कशी हाय?"

मी सांगतो, चांगली आहे, लग्न झालं, खुशीत आहे. खरं म्हणजे ती कुठं आहे हे मलाही ठाऊक नाही. नोकरीत असताना मी कधी खोटा जबाब लिहिला नाही. आता दर वर्षी एक देतो.