व्होल्टेज पडायची वाट

आमच्या जालन्यात टीव्ही घ्यायचा तर संध्याकाळी, आणि स्टॅबिलायझर काढूनच बघायचा. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिल जोरात चालू झाल्या की घराघरातलं व्होल्टेज पडायचं आणि हलक्या टीव्हीचं चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायचं. ज्याचं चित्र टिकेल, तो टीव्ही घरी न्यायचा.

आमचे हे तसल्याच एका मिलमध्ये होते. सगळ्याच मिल बंद पडणार अशी कुजबुज चालू होती, पण तिच्या भीतीनं किती दिवस मन मारायचं? सकाळची पाळी संपवून ते आले आणि आम्ही दुकान गाठलं. एकोणतीस इंची दोन स्वस्त टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. शेटजी एकाच्या आवाजाचं कौतुक सांगत सुटले.

"आवाज राहू द्या," मी म्हणाले, "आधी तो स्टॅबिलायझर काढा."

दिवेलागण झाली. रोजच्या वेळेला व्होल्टेज पडलंच नाही. दोन्ही पडदे काठोकाठ भरलेले.

"बघा ताई, दोन्ही बराबर! बिलकुल फरक न्हाई," शेटजी खूश झाले.

हे टीव्हीकडं बघतच नव्हते. वरच्या ट्यूबलाइटकडं बघत हळूच म्हणाले, "दुसऱ्या पाळीला आत घेतलेलं दिसत न्हाई."

"मंग कोणता बांधू?" शेटजींनी विचारलं.

"थांबा थोडं," मी म्हणाले. त्या दोन झगझगीत पडद्यांपुढे उभी राहून, चित्र आक्रसावं म्हणून मी देवाचा धावा करत होते.